पंचामृतातले हाफ डॉलर

रिपेअरवाल्याने मशीनचं झाकण काढलं, आत बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोटाला पिवळा, चिकट लगदा लागला होता. त्याने तो हुंगला.

"मस्टर्ड," तो म्हणाला.

आमचे ब्रँच मॅनेजर मिस्टर हॅन्ली त्याच्यामागे हाताची घडी घालून उभे होते. "कॉइन मशीनमध्ये मस्टर्ड?"

"आणि हे लाल दिसतंय ते केचप असणार. कुणीतरी यात लंच केलंय." त्याने बोट फडक्याला पुसलं. "आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये झीज कव्हर होते. लंच कव्हर होत नाही."

कॉइन रूम म्हणजे ब्रँचच्या मागच्या बाजूची, कपाटाहून थोडी मोठी खोली. त्यात त्या सकाळी आम्ही चौघं कोंबलेलो होतो. रिपेअरवाला, हॅन्ली, आमची हेड टेलर डोलोरेस आणि मी. तिघांना ते मस्टर्ड आणि केचप वाटत होतं. चौथीला ती हळद आणि ते कुंकू आहे हे माहीत होतं. चिकटपणा पंचामृतातल्या मधाचा आहे हेही माहीत होतं, कारण मधाची बाटली तिनेच उपडी केली होती.

"निक," हॅन्ली म्हणाले. "काल शेवटची नाणी निकची होती ना?"

डोलोरेसने मान हलवली.

निक म्हणजे आमच्या ब्रँचसमोरच्या कोपऱ्यावर हॉट डॉगची गाडी लावणारा म्हातारा. जवळजवळ रोज तो कॉफीचा रिकामा डबा भरून सुट्टी नाणी आणायचा आणि आम्ही ती मशीनमध्ये ओतून मोजून द्यायचो. मशीनचं काम एवढंच. वरच्या तसराळ्यात सुट्टी नाणी ओता, ते मोजतं आणि कागदाच्या पुंगळ्यांत भरून देतं. त्या पुंगळीला रोल म्हणतात.

"आजपासून निकची सुट्टी नाणी बंद," हॅन्ली म्हणाले. "त्याला म्हणावं, घरी रोल करून आण. आला की माझ्याकडे पाठवा."

निकची बोटं संधिवाताने भोपळी मिरच्यांसारखी झाली होती. त्याला नोटांची गड्डीसुद्धा नीट धरता यायची नाही. रोज संध्याकाळी बसून क्वार्टरच्या, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्यांच्या, पुंगळ्या वळणं त्याच्या हातून होण्यासारखं नव्हतं. हे मला माहीत होतं. तरी मी त्या खोलीतून बाहेर आले, माझ्या खिडकीवर बसले आणि पहिल्या कस्टमरला "गुड मॉर्निंग" म्हणाले.

का गप्प बसले, त्याचं कारण डोलोरेस. ती ख्रिसमसला रिटायर होणार होती. हेड टेलर म्हणजे खिडकीवर बसणाऱ्या सगळ्या टेलर्सची मुख्य. व्हॉल्टच्या, म्हणजे तिजोरीच्या खोलीच्या किल्ल्या तिच्याकडे. कुठली नाणी मागवायची, कुठली परत पाठवायची, ते तीच ठरवते. तिच्या जागी एकतर माझ्या शेजारच्या खिडकीवरच्या कॅथीला घेणार होते किंवा मला. कॅथी कामाला चांगली होती. मी कामाला चांगली होते आणि शिवाय एम.ए. होते, हे मी हॅन्लींना त्यांनी न विचारता चार-पाचदा सांगितलं होतं. पगारात वाढ होती, हे खरं. पण मला त्या किल्ल्या हव्या होत्या त्या वेगळ्याच कारणासाठी.

मला चांदीचं वेड लागलं होतं.

ते लावलं वॉल्टरने. वॉल्टर हा रिटायर झालेला प्लंबर, उंच, जाड चष्म्याचा, दर मंगळवारी माझ्या खिडकीवर यायचा आणि नोटा देऊन हाफ डॉलरचे रोल मागायचा. पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा तेच हवे असायचे. एवढ्या नाण्यांचं हा करतो काय, म्हणून मी एकदा विचारलं. त्याने खिशातून दोन क्वार्टर काढली आणि काउंटरवर उभी धरली.

"कड बघ," तो म्हणाला.

एकाच्या कडेला तांबूस रेघ होती. दुसऱ्याची कड पूर्ण पांढरी.

मग त्याने मला अक्कल शिकवली. एकोणीसशे चौसष्टपर्यंत अमेरिकेतली दहा सेंट, क्वार्टर आणि हाफ डॉलर ही नाणी जवळजवळ चांदीचीच असायची. पुढे चांदी महागली आणि सरकारने तांब्यावर पांढरा धातू चढवून नाणी काढली, म्हणून ती तांबूस रेघ. हाफ डॉलरमध्ये मात्र सत्तरपर्यंत थोडी चांदी राहिली होती. लोकांनी जुनी नाणी वेचून घरात ठेवली, तरी काही अजून फिरत होती. बँकेत पन्नास सेंटला मिळणाऱ्या नाण्यात त्याहून जास्त किमतीची चांदी. आणि ती नाणी दिवसभर कोणाच्या हातून जात होती? माझ्या. मी त्यांना आजवर नुसती मोजत आले होते.

"दोन नियम," वॉल्टर म्हणाला. "जिथून नाणी घेतलीस तिथे परत टाकायची नाहीत. आणि नाणं जसं सापडलं तसंच ठेवायचं. घासायचं नाही, चमकवायचं नाही."

पहिला नियम मला कळलाच नाही. दुसऱ्याबद्दल वाटलं, एकटा राहणारा माणूस, घासायचा कंटाळा करत असेल.

बँकेत यात गैर काही नव्हतं. दिवसअखेर आपला ड्रॉवर जुळला की दुसऱ्या टेलरसमोर आपल्या पर्समधली नोट टाकायची आणि तेवढीच नाणी घ्यायची. डोलोरेसची याला हरकत नव्हती. फक्त ती म्हणायची, "लिन, तुला दुसरा काही छंद नाही का?" माझं नाव नलिनी. त्याचं लिन पहिल्याच आठवड्यात झालं होतं आणि मीही ते मुकाट्याने घेतलं होतं.

छंद म्हणायला तो छंद होता. घरी आल्यावर मी कार्पेटवर चादर अंथरायची, रोल फोडायची आणि तांदूळ निवडावेत तशी नाणी निवडायला बसायची. पिस्कॅटवेतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये टीव्ही त्याच खोलीत होता. माझा नवरा अशोक मेकॅनिकल इंजिनिअर. तो बातम्या बघायचा आणि मधूनच म्हणायचा, "सांगलीहून इतकं लांब आलो ते निवडायला बसायलाच का?" पण त्यालाही राहवेना. महिनाभरात त्याने एक तराजू बनवला. चांदीचं नाणं किंचित जड असतं, तेव्हा ते आपोआप खाली सरकेल आणि वेगळं पडेल, असं त्यामागचं शास्त्र होतं. त्यात सगळीच नाणी खाली सरकत. शेवटी तोही पायजमा वर करून चादरीवर येऊन बसला.

मिळकत विचाराल तर दोन आठवड्यांच्या निवडण्यात एखादं नाणं. पण ज्या दिवशी पांढरी कड दिसायची त्या दिवशी स्वयंपाक सुद्धा बरा व्हायचा.

मग त्या वर्षीची दिवाळी आली, आणि तिच्या आदल्या आठवड्यात वॉल्टर मुलीकडे फ्लोरिडाला गेला.

हाफ डॉलर अमेरिकेत कुणी वापरत नाही. त्यामुळे आलेली नाणी व्हॉल्टच्या तळाशी पडून राहतात. डोलोरेसच्या टेबलाखाली अशी एक जड पेटी होती, लोकांनी हाताने वळलेल्या पुंगळ्यांची. हाताने वळलेल्या म्हणजे अजून कुणी न तपासलेल्या. वॉल्टरची नजर तिच्यावर कित्येक दिवस होती, पण त्याच्याकडे एका वेळी तेवढी रोकड नसायची.

शुक्रवारी संध्याकाळी मी डोलोरेसला म्हणाले, "ती पेटी मी घेतली तर?"

"सगळी?"

"सगळी."

"घेऊन जा बाई," ती म्हणाली. "दोन वर्षं माझे पाय तिच्यावर आपटतायत."

पाचशे डॉलर मी त्याच सकाळी आमच्या सेव्हिंग्जमधून काढले होते. अशोकला अजून सांगायचं होतं. पेटीत हजार नाणी, वजन अकरा किलोच्या वर. मी ती छातीशी धरून पार्किंग लॉटपर्यंत नेली आणि वॉल्टरवर मात केल्याच्या आनंदात दोनदा थांबून दम खाल्ला.

घरी पहिलाच रोल फोडला आणि त्यातून जे नाणं निघालं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. काळं पडलेलं, झिजलेलं, पण त्यावर पायघोळ वस्त्र नेसलेली एक बाई चालत होती. एका हातात फुलापानांची डहाळी, दुसरा हात पुढे केलेला, आणि पायाशी उगवता सूर्य. साल एकोणीसशे एकवीस. कड पांढरी.

"अशोक," मी म्हणाले, "ही लक्ष्मी आहे."

त्याने चष्मा लावला. "ही लिबर्टी असणार. अमेरिकन आहे."

"उद्या पूजा आहे आणि आज ही आपल्या घरी आली. तू काय म्हणतोस ते मला माहीत नाही."

अमावस्या खरं तर त्या आठवड्यात बुधवारीच होऊन गेली होती. पण अमेरिकेत आमच्याकडे लक्ष्मी शनिवारी येते, कारण त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी असते. पाच घरची माणसं येणार होती. काळ्या पडलेल्या चांदीची पूजा करणं माझ्या आईने मला शिकवलेलं नाही. शनिवारी सकाळी मी टूथपावडर घेतली, अशोकचा जुना ब्रश घेतला आणि बेसिनपाशी उभं राहून ती बाई घासघासून लख्ख केली. तिच्या वस्त्राच्या चुण्यांतला काळेपणा निघत नव्हता, तोही काढला.

माझी मैत्रीण शैला नागपूरची. तिची आई, माई, सहा महिन्यांसाठी तिच्याकडे आली होती. पाच घरांत त्याच एक वयाने मोठ्या, त्यामुळे पूजा त्यांच्या सांगण्याप्रमाणे चालली. मी चौरंगावर लक्ष्मीची तसबीर ठेवली होती आणि समोर ताम्हनात ते एक नाणं.

"आणि ते काय झाकून ठेवलंय?" माईंनी विचारलं.

पेटी होती, अशोकपासून लपवलेली, म्हणून आदल्या रात्री बाकीचे रोल फोडता आले नव्हते. मी सांगितलं.

"हजार नाणी घरात आहेत आणि देवीपुढे एकच? मांड सगळी."

आम्ही ती सगळी मोठ्या परातीत ओतली. ढीग एवढा देखणा दिसला की शैलाच्या नवऱ्याने तीन फोटो काढले. माईंनी विचारलं, "यात चांदीची कोणती?"

"अजून बघायचीत. जेवणं झाली की सगळे मिळून बघू."

"मग सगळ्यांनाच हळदकुंकू लावा. कोणी सुटायला नको."

म्हणून पाच घरच्या बायकांनी ओल्या बोटांनी सगळ्या ढिगाला हळदकुंकू लावलं. मग माई म्हणाल्या, अभिषेक एकीलाच करू, ती सर्वांच्या वतीने. मी लख्ख केलेली बाई ढिगाच्या शेंड्यावर ठेवली आणि तिच्यावर दूध, दही, तूप, मध आणि साखर ओतली. एम.ए.ला माझा विषय अर्थशास्त्र होता. पण शेंड्यावर ओतलेलं पंचामृत खाली जातं, हे कळायला कुठल्याच शास्त्राची गरज नव्हती.

जेवणं झाल्यावर चादर अंथरली. शैलाचं म्हणणं होतं की नाणी आधी टबात साबणाच्या पाण्यात घालू. मी म्हणाले, पेपर टॉवेलने पुसली की झालं. पुसून ती दिसायला स्वच्छ झाली. फक्त कडांचं तसं नव्हतं. हाफ डॉलरच्या कडेला बारीक बारीक खाचा असतात आणि त्या खाचांत कुंकू जाऊन बसलं होतं. ज्या कडेकडे बघून चांदी ओळखायची, तीच कड प्रत्येक नाण्याची तांबूस.

"हे तांबं की कुंकू?" शैला प्रत्येक नाण्याला विचारत होती.

"तांबं," मी म्हणायची आणि पुढचं उचलायची. मला आता तीन महिन्यांचा अनुभव होता.

हजार नाण्यांत त्या बाईखेरीज चार चांदीची निघाली. मी थोडी हिरमुसले. माई म्हणाल्या, "मिळतील. पूजा वाया जात नाही."

उरलेली नाणी परत द्यायची होती, कारण पाचशे डॉलर सेव्हिंग्जमध्ये परत जायला हवे होते. अशोकला शनिवारी सगळ्यांसमोर कळलं होतं, म्हणून तो ओरडू शकला नव्हता. दुसऱ्या बँकेत आमचं खातं नव्हतं आणि अकरा किलो कडेवर घेऊन फिरायची माझी तयारी नव्हती. सोमवारी सकाळी मी पेटी जिथून आणली तिथेच परत नेली.

"ही परत आली?" डोलोरेस म्हणाली.

"मशीनमध्ये घालते. नवे रोल होतील. तुला बरंच."

मशीनने ती सगळी बिनतक्रार मोजली आणि रोल करून दिली. रोल मी व्हॉल्टमध्ये ठेवले. संध्याकाळी निकची क्वार्टर मशीनमधून गेली. रात्रभर मध सुकला. मंगळवारी सकाळी डोलोरेसने बटण दाबलं तेव्हा मशीन फक्त घुरघुरलं.

आणि आता निक येणार होता.

त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. हॅन्लींच्या दारापर्यंत मी तीन वेळा गेले. एकदा ते फोनवर होते. एकदा मी दारात असतानाच कॅथी त्यांना काहीतरी विचारायला आली, आणि तिच्यासमोर मला बोलवेना. तिसऱ्या वेळी ते मोकळे होते, त्यांनी विचारलंही, "येस, लिन?" मी म्हणाले, "हवा छान आहे." बाहेर पाऊस पडत होता.

दुपारी निक आला, काखेत कॉफीचा डबा. हॅन्ली स्वतः उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला कॉइन रूमकडे घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता, सभ्यपणे नाही म्हणायचं म्हणून नेत होते. रिपेअरवाला अजून आतच होता. मला खिडकीवर बसवेना. मी रोलचे कागद आणण्याचं निमित्त करून मागे गेले.

हॅन्लींनी ते फडकं दाखवलं. निकने ते डोळ्यांजवळ धरलं.

"हे माझं नाही," तो म्हणाला. "माझं मस्टर्ड ब्राउन असतं. हे पिवळं."

"आणि केचप?"

"केचप मी गाडीवर ठेवतच नाही. हॉट डॉगवर केचप कोण घालतं?" तो खरोखरच दुखावला होता. केचपचा आरोप त्याला मशीन बिघडवल्याच्या आरोपापेक्षा जास्त लागला असावा.

"निक, तुझ्यानंतर मशीनमध्ये कोणाचीच नाणी गेली नाहीत."

"थांब," निक म्हणाला. "मस्टर्ड मला कळतं." त्याने फडक्यावरचा लाल-पिवळा लगदा बोटावर घेतला आणि ते बोट जिभेकडे नेलं.

सदसद्विवेकबुद्धी जागी झाली आणि मी बोलले, असं मला इथे लिहायला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मला एवढंच दिसलं की हा म्हातारा आता कुंकू खाणार. त्या काळी आमच्याकडचं कुंकू कशाचं बनवत होते देव जाणे, पुडीवर काही लिहिलेलं नसायचं.

"निक, खाऊ नको," मी ओरडले. "ते पूजेचं आहे."

बोट हवेत थांबलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाहेरून कॅथीनेही मान आत घातली.

"कसली पूजा?" हॅन्लींनी विचारलं.

"लक्ष्मीची. आमची संपत्तीची देवी. दिवाळीत आम्ही पैशांची पूजा करतो."

"बँकेच्या पैशांची?"

"तेव्हा ते माझे होते. पाचशे डॉलर भरले होते. डोलोरेससमोर."

डोलोरेसने मान हलवली आणि एक पाऊल माझ्यापासून लांब सरकली.

"पूजा म्हणजे पैशांना नेमकं काय करता?"

"रंग लावतो. आणि आंघोळ घालतो."

"पाण्याने?"

"दूध, दही, मध, साखर." मी जराशी थांबले. "आणि तूप. म्हणजे बटर. वितळवलेलं."

"बटर," रिपेअरवाला म्हणाला. "मी सकाळपासून विचार करतोय, ते ग्रीस कुठल्या कंपनीचं आहे."

हॅन्लींनी त्या फडक्याकडे पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाले, "या धंद्यात मी पैसे चोरणारी माणसं पाहिली. गाद्यांत शिवणारी पाहिली. पैशांना आंघोळ घालणारं कुणी पाहिलं नव्हतं."

कॅथी हसली. मला तिथे पूजेची लाज वाटली, खरंच वाटली. आणि लगेच लाज वाटल्याचा स्वतःचा राग आला. आईने सांगितल्याप्रमाणे मी लहानपणापासून जी पूजा करत आले, तिच्याबद्दल मी माफी मागावी तशा आवाजात बोलत होते. निकने मला वाचवलं. त्याने बोट पँटला पुसलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मग, काही फायदा झाला?"

"चार नाणी," मी म्हणाले.

"माझी आजी सेंट अँथनीच्या मूर्तीपुढे पाकीट ठेवायची," निक म्हणाला. "तिला तेवढीही मिळाली नाहीत." आणि त्याने आपला डबा हॅन्लींपुढे धरला. "माझी मोजायची ना?"

हॅन्लींनी डबा घेतला. "मशीन सुरू झालं की मोजू."

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. रिपेअरचं बिल माझं, हे मला अपेक्षित होतं. ती रक्कम ऐकून मी खुर्चीत बसले. मग त्यांनी सांगितलं की हेड टेलर कॅथी होईल.

"बटरमुळे?" मी विचारलं.

"नाही. हेड टेलर नाणी मागवते, लिन. तुला किल्ल्या दिल्या तर तू ब्रँचसाठी मागवशील की तुझ्या चादरीसाठी?"

चादरीचं त्यांना कोणी सांगितलं, कळलं नाही. पण उत्तर मला माहीत होतं आणि त्यांनाही. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. गाडीत बसून रडलेही. रडताना मनात हाही विचार आला की कॅथीला हाफ डॉलरमध्ये काडीचा रस नाही, म्हणजे ती मला देईल. वेड म्हणतात ते याला.

बिल भरायला एक मार्ग होता. ती एकवीस सालची बाई. पुढच्याच्या पुढच्या मंगळवारी वॉल्टर माझ्या खिडकीवर आला तेव्हा मी ती रुमालात गुंडाळून काउंटरवर ठेवली. तो फ्लोरिडाहून आठवड्यापूर्वीच परतला होता.

त्याने रुमाल उघडला. साल बघितलं, उलटं करून खालचं टांकसाळीचं बारीक अक्षर बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. मग त्याने ते उजेडात धरलं आणि चेहरा पडला.

"काय केलंस याला?"

"स्वच्छ केलं."

"कशाने?"

"टूथपावडरने. ब्रशने."

वॉल्टरने चष्मा काढला आणि डोळे चोळले. ब्रँचमध्ये मागे लाइन होती, पण तो हलला नाही. "या सालातली फार थोडी काढली होती," तो म्हणाला. "होतं तसं ठेवलं असतंस तर ऐंशी-नव्वद डॉलर कुठे गेले नव्हते. आता कुठलाही कलेक्टर याला हात लावणार नाही. चांदीच्या भावाने दोन डॉलर येतील."

मी रुमालाची उगाच घडी घालत राहिले. मग त्याला माझी दया आली असावी.

"हे कुठे मिळालं?"

"डोलोरेसच्या टेबलाखालच्या पेटीत. तू फ्लोरिडाला होतास तेव्हा."

"ती पेटी?" तो म्हणाला. "ती तर मी गेल्या आठवड्यात नेली. कॅथीने सांगितलं, नवे रोल झालेत, म्हणून सगळे उचलले. जरा चिकट होते. कडा सगळ्यांच्या तांबड्या, बघून काही कळेना. शेवटी एकेक टेबलावर वाजवून बघितलं. चांदी वेगळी वाजते." त्याने माझ्याकडे बघितलं. "चौदा निघाली. ज्याने कोणी आधी तपासली, तो आंधळा असणार."

"असेल," मी म्हणाले आणि त्याला त्याचे रोल दिले.

संध्याकाळी शैलाकडे जाऊन मी ते नाणं माईंना दाखवलं आणि सगळं सांगितलं. घासलं, म्हणून आता कोणी विकत घेणार नाही, हेही सांगितलं. माईंनी नाणं तळहातावर घेऊन नीट निरखलं.

"म्हणजे हिला कोणी नेणार नाही?"

"नाही."

"मग घरातली लक्ष्मी घरातच राहिली की," त्या म्हणाल्या. "आणखी काय हवं तुला?"

मला बिलाचे पैसे हवे होते. ते अशोकने भरले आणि पुढची काही वर्षं कुठल्याही भांडणात त्याला हा मुद्दा पुरला.

दोन वर्षांनी कॅथी दुसऱ्या ब्रँचला मॅनेजर होऊन गेली. तोवर माझं वेड ओसरलं होतं, कारण वॉल्टरने मागे काही शिल्लक ठेवलं नव्हतं. हॅन्लींनी मला बोलावून किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

"चादर?" त्यांनी विचारलं.

"गादीवर आहे."

त्यांनी जुडगा माझ्याकडे सरकवला. मी उठून दारापर्यंत गेले तेव्हा ते मागून म्हणाले, "लिन, व्हॉल्टमध्ये दिवाळी करायची असेल तर कोरडी कर."

त्या किल्ल्या मी रिटायर होईपर्यंत सांभाळल्या. निकची सुट्टी नाणी त्याने गाडी बंद करेपर्यंत आम्ही मोजली, आणि दिवाळीच्या आठवड्यात तो डबा देताना न चुकता विचारायचा, आधी आंघोळ घालणार का.

ती बाई अजून आमच्या देवघरात आहे. दर वर्षी तिला अभिषेक होतो, आता लहान वाटीत, एकटीला. वॉल्टरचे दोन्ही नियम बरोबर होते, हे मी नव्या टेलर्सना नेहमी सांगत आले. तिसरा माझा आहे. नाणं तपासायचं असेल तर पूजेच्या आधी तपासावं.